होकार कुणाचा, केव्हा आणि कुठे पोहोचला? : करारातील प्रस्ताव व स्वीकृती यांविषयी वाचकांचे प्रश्न

खाली घेतलेल्या पाचही प्रश्नांचे मूळ एकच आहे. दोन पक्षांत बोलणे झाले, पण त्या बोलण्यातून करार झाला की नाही, याविषयी दोघांचे मत वेगळे आहे. १ सप्टेंबर १८७२ पासून लागू असलेल्या भारतीय करार अधिनियमाची कलमे २ ते ९ या वादासाठीच लिहिलेली आहेत. आपल्या पत्रांतील नेमके शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण अशा प्रकरणांत निकाल बहुधा शब्दांवरच लागतो.

प्रश्न : साताऱ्यातील एका जुन्या घराचे मालक बंगळूरला असतात. त्यांच्या चुलतभावामार्फत मी ४२ लाखांना घर मागितले. मालकांनी मला थेट संदेश पाठवला : ‘५० लाखांच्या खाली देणार नाही.’ मी त्याच दिवशी ‘५० लाख मान्य’ असे कळवले. पंधरा दिवसांनी त्यांनी ते घर दुसऱ्याला विकले. माझा करार झालेला नव्हता का?

उत्तर : माझ्या मते झालेला नव्हता, आणि आपल्या प्रश्नाशी विलक्षण जुळणारा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच दिलेला आहे. मॅकफर्सन विरुद्ध अप्पण्णा या खटल्यात कूर्गमधील मर्कारा, म्हणजे आजच्या मडिकेरी येथील एका बंगल्याचा वाद होता. परदेशी राहणाऱ्या मालकाने दहा हजारांहून कमी घेणार नाही अशा अर्थाची तार केली, खरेदीदाराने दहा हजार मान्य असल्याचे कळवले आणि अखेर बंगला दुसऱ्यालाच विकला गेला. न्यायालयाचे म्हणणे असे की, किमान अपेक्षित किंमत सांगणे म्हणजे त्या किमतीला विकण्याचा प्रस्ताव नव्हे; ते फार तर पुढील बोलणीचे आमंत्रण ठरते. म्हणून ‘मान्य’ म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात स्वीकृती दिली नव्हती, तर स्वतःचा नवा प्रस्ताव मांडला होता, आणि तो मालकाने कधी स्वीकारलाच नव्हता.

आपला ‘५० लाख मान्य’ हा संदेशही असाच आपला प्रस्ताव ठरतो. त्यानंतर मालकांनी ‘ठीक आहे, या’ असे लिहिले असते, इसार घेतला असता किंवा इसार पावतीचा मसुदा मागवला असता, तर चित्र बदलले असते. तोंडी किंवा संदेशांतून ठरलेला विक्रीचा करार केवळ तोंडी आहे म्हणून रद्द ठरत नाही. मात्र तो सिद्ध करण्याचे ओझे सांगणाऱ्यावर असते. पुढच्या वेळी किंमत जुळताच मोघम ‘मान्य’ लिहून थांबू नका. ‘या किमतीला हे घर मला विकण्यास आपण तयार आहात, हे कृपया लेखी कळवावे’, असे विचारा आणि उत्तर हाती आल्यावरच पुढे जा.

प्रश्न : आमच्या वाशीम जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपनीने इंदूरच्या व्यापाऱ्याला फोनवर सोयाबीनचा भाव सांगितला. त्याने फोनवरच ‘भाव मान्य, ट्रक पाठवतो’ असे म्हटले. दर पडल्यावर तो फिरला. लेखी काहीच नाही. दावा लावायचा झाल्यास इंदूरला जावे लागेल का?

उत्तर : हा प्रश्न विदर्भाला नवा नाही. खामगावच्या एका जिनिंग व तेल गिरणीवर अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी सरकीची पेंड न पुरवल्याबद्दल अहमदाबादमध्येच दावा लावला होता. सौदा १९५९ च्या जुलैमध्ये फोनवर झाला होता. मागणी अहमदाबादहून झाली आणि ‘होय’ खामगावातून बोलले गेले. मग करार कुठे झाला? ‘होय’ उच्चारले गेले तिथे, की ऐकू आले तिथे? भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास या प्रकरणात ऑगस्ट १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की, फोनवरचा करार हा समोरासमोरच्या करारासारखाच असतो आणि प्रस्ताव मांडणाऱ्याच्या कानी होकार पडतो त्या ठिकाणी तो पूर्ण होतो. त्यामुळे अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकार मिळाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. कलम ४ चे शब्द पाहता, होकार देणाऱ्याच्या हाताबाहेर गेला की तो प्रस्तावकाला बांधून टाकतो, म्हणून करार खामगावातच झाला, असे त्यांचे म्हणणे होते. नागपूरच्या न्यायालयात कारकीर्द घडलेल्या या न्यायमूर्तींचे ते भिन्नमत मला आजही कायद्याच्या शब्दांना अधिक जवळचे वाटते. परंतु कायदा बहुमताचा आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे.

भाव आपण वाशीमहून सांगितला, म्हणजे प्रस्ताव आपला होता, आणि व्यापाऱ्याचा होकार आपल्याला वाशीममध्ये ऐकू आला. तेव्हा दाव्याच्या कारणाचा एक भाग वाशीममध्ये घडला, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० नुसार तेथील न्यायालयात जाण्यास तेवढे पुरते. दुसरे ठिकाण ठरवणारी लेखी अट दोघांत आधीपासून असेल, तर मात्र ती पाहावी लागेल.

खरी अडचण पुराव्याची आहे. त्या दिवशीच्या कॉलची नोंद, ट्रकविषयीचे संदेश, आपल्या गोदामातील नोंदी आणि फोन झाला तेव्हा हजर असलेल्या संचालकांची साक्ष आताच गोळा करा. मोबाइलमधील संदेश सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. ते नसल्याने चांगले पुरावे वाया गेलेले मी पाहिले आहेत. नुकसानभरपाई करार अधिनियमाच्या कलम ७३ खाली, साधारणतः ठरलेला भाव आणि करार मोडला त्या दिवसाचा बाजारभाव यांतील फरकाएवढी मिळते. म्हणून त्या दिवसाचे बाजार समितीचे दरपत्रक जपून ठेवा, आणि माल पडून खराब होऊ देऊ नका. तोटा आटोक्यात ठेवण्यासाठी आपण काय केले, हेही न्यायालय पाहते.

प्रश्न : माझ्या यजमानांनी आयुर्विम्याचा अर्ज भरला, पहिला हप्ता खात्यातून वळता झाला आणि नवव्या दिवशी ते अपघातात गेले. कंपनी म्हणते, अर्ज मंजूरच झाला नव्हता. पैसे घेतले म्हणजे मान्य केले, असे होत नाही का?

उत्तर : ताई, आपल्या दुःखात मी सहभागी आहे, आणि म्हणूनच उत्तर स्पष्ट देणे मला भाग आहे. केवळ हप्ता घेतल्याने विमा करार होत नाही. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध राजा वासिरेड्डी कोमलवल्ली कांबा या १९८४ च्या निवाड्यात अर्जदाराने डिसेंबर १९६० मध्ये ५०,००० रुपयांच्या विम्याचा अर्ज भरला होता. पहिल्या हप्त्याचा दुसरा धनादेश ११ जानेवारी १९६१ रोजी वटला आणि १२ जानेवारीला अर्जदाराचे निधन झाले. तरीही सर्वोच्च न्यायालयाने दावा नाकारला, कारण अर्ज हा प्रस्ताव असतो, तो स्वीकारल्याचे विमाकर्त्याने कळवावे लागते, आणि मौन किंवा पैसे ठेवून घेणे म्हणजे स्वीकृती नव्हे.

तरी एवढ्यावर थांबू नका. यजमानांच्या मोबाइलवर आणि ईमेलवर त्या नऊ दिवसांत मंजुरीचा संदेश किंवा पॉलिसी क्रमांक आला होता का, हे पाहा. आला असेल तर छापील पॉलिसी हाती नसली तरी करार झालेला असू शकतो. हप्त्याच्या पावतीवर जोखीम कोणत्या तारखेपासून सुरू होते, याविषयीचे वाक्य शब्दशः वाचा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, पुणे आणि ठाणे येथे आहेत आणि तेथे शुल्क लागत नाही.

प्रश्न : नोकरीच्या पत्राला मी उत्तर दिले : ‘आपला प्रस्ताव मान्य आहे. १ तारखेऐवजी १५ तारखेस रुजू होता येईल का?’ कंपनीने ‘आपण अटी बदलल्या’ असे सांगून पत्र मागे घेतले. हे योग्य आहे का?

उत्तर : कलम ७ नुसार स्वीकृती निरपवाद आणि विनाअट असावी लागते. ‘१५ तारखेपासून रुजू होईन, या अटीवर मान्य’ असे आपण लिहिले असते, तर तो प्रतिप्रस्ताव ठरून मूळ प्रस्ताव तिथेच संपला असता. इंग्लंडमधील हाइड विरुद्ध रेंच या १८४० च्या निवाड्यापासून हे तत्त्व स्थिर आहे. आपण मात्र आधी मान्यता दिली आणि नंतर विनंती केली. विचारणा आणि अट यांतील हा भेद न्यायालये मानतात, त्यामुळे माझ्या मते आपला करार झाला होता. पण नोकरीवर घ्याच, असा आदेश खासगी कंपनीला न्यायालय सहसा देत नाही. मिळालीच तर भरपाई मिळते, आणि ती बहुधा नोटीस काळाच्या वेतनाच्या आसपास असते. आधीच्या नोकरीचा राजीनामा अजून मागे घेता येत असेल, तर तो मार्ग आजच पाहा.

प्रश्न : एका पुरवठादाराने न मागता वस्तू पाठवली आणि सोबत लिहिले की, ‘सात दिवसांत नकार न आल्यास आपणास खरेदी मान्य आहे असे समजू.’ पैसे द्यावे लागतील का?

उत्तर : नाही. नकार कळवण्याचे ओझे कोणीही दुसऱ्यावर परस्पर लादू शकत नाही. १८६२ च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या घोड्याच्या सौद्यातील खटल्यापासून हे मान्य आहे. मात्र खोके उघडून वस्तू वापरू लागलात, तर आपली वागणूकच स्वीकृती ठरू शकते. खोके बंद ठेवा आणि घेऊन जाण्यास एका ओळीत कळवा.