सेंट्रल पार्कातला धबधबा

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो, तेव्हा न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क पाहिलं. गर्द झाडी, ओढा, चक्क धबधबा! मुलगा म्हणाला, "बाबा, हे सगळं माणसानं केलेलं आहे." मला पटेना. खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. खडक तेवढे मूळचे. हिमनदीनं घासत नेलेल्या दगडांचे ओरखडे त्यांच्यावर अजून आहेत. मुलीकडे गेले होते तेव्हा मी त्या चरांतून बोटं फिरवली होती.

बाकी जागा दलदलीची नि खडकाळ. १८५८ साली फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा स्पर्धेत पहिला आला. मग सुरुंग लावून खडक फोडले, दलदलीची तळी केली, बाहेरून माती आणून झाडं लावली. तुम्ही पाहिलेल्या धबधब्याच्या जागी पूर्वी ओहोळ होता. आज तिथं शहराच्या पाणीपुरवठ्याचं पाणी खेळतं.

चाळीस वर्षं उद्यानविद्या शिकवली, पण मला अजून नवल वाटतं ते तिथल्या आडव्या रस्त्यांचं. उद्यानातून चार रस्ते न्यायचेच, ही स्पर्धेची अट होती. या दोघांनी ते जमिनीच्या पातळीखाली उतरवले. गाड्या खालून जातात, वर चालणाऱ्याला गवत सलग दिसतं.

एवढा खटाटोप कशासाठी? ऑल्मस्टेडनं १८५० मध्ये इंग्लंडात बर्कनहेडचं सार्वजनिक उद्यान पाहिलं होतं. तिथं गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखीच मुभा होती, हे त्याच्या मनात ठसलं. श्रीमंत माणूस उन्हाळ्यात डोंगरात जाईल, कारखान्यातल्या मजुरानं कुठं जावं?

पण त्याच जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, हेही सांगायलाच हवं. १८२५ पासून कृष्णवर्णीयांनी तिथं स्वतःच्या पैशानं जमिनी घेतल्या होत्या. घरं होती, चर्च होती, शाळा होती. त्या काळी न्यूयॉर्कात कृष्णवर्णीय पुरुषाला २५० डॉलरची मालमत्ता असल्याशिवाय मत देता येत नसे. म्हणजे जमिनीबरोबर मतही गेलं. १८५७ पर्यंत सव्वादोनशेच्या आसपास माणसं उठवली गेली. मोबदला मिळाला, पण गाव पुन्हा वसलं नाही.

पुन्हा जाल तर मे महिन्यात जा. भल्या सकाळी 'रॅम्बल' नावाच्या झाडीत थांबा. उत्तरेकडे निघालेले इवलेसे वटवटे पक्षी तिथं विसाव्याला उतरतात. मग पश्चिमेच्या कडेनं ८२ ते ८९ क्रमांकांच्या रस्त्यांसमोर चालत जा. ते गाव तिथं होतं.