पहिल्यांदाच स्वतःची कार घेऊन ट्रॅक-डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर गाडी पळवायला, जायचंय. गाडीची काय तयारी करावी?

सगळ्यात आधी ब्रेक ऑइल बदला, बाकीचं नंतर. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ट्रॅकवर ते उकळलं तर पाइपमध्ये वाफ होते, आणि दाबलेलं पेडल थेट तळाला जातं. म्हणून काही दिवस आधीच नवं ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेक पाइपमधली हवा काढून घ्या. ब्रेक पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर तेही बदला.

व्हीलनट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा, पहिल्या सेशननंतर (ट्रॅकवरच्या पाळीनंतर) पुन्हा तपासा. टायर तापले की प्रेशर वाढतं; पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) येताच गेज लावून जास्तीची हवा सोडा. परतीच्या प्रवासाआधी ती पुन्हा भरा, हे बरेच जण विसरतात. गाडीतलं सुटं सामान काढा, ड्रायव्हरकडचं मॅटसुद्धा, कारण ते पेडलखाली सरकतं.

प्रत्येक सेशनचा शेवटचा लॅप हळू, ब्रेक जवळजवळ न वापरता मारा. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा.