अल्सेशियन आणि जर्मन शेफर्ड या दोन वेगळ्या जाती आहेत का?

नाही, जात एकच; अल्सेशियन हे ब्रिटिशांनी ठेवलेलं नाव. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्याने जर्मनीत मेंढपाळांच्या कुत्र्यांपासून या जातीची पद्धतशीर पैदास सुरू केली, म्हणून नाव जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ‘जर्मन’ शब्दच नकोसा झाला होता (राजघराण्यानेसुद्धा १९१७ साली आपलं जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतलं, तिथे कुत्र्याची काय कथा!). मग तिथल्या केनेल क्लबने फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या अल्सास प्रांतावरून ‘अल्सेशियन वुल्फ डॉग’ अशी नोंद केली. त्यातलं ‘वुल्फ डॉग’ पुढे गळलं, कारण लांडग्याच्या नावाने लोक बिचकायचे. मूळ नाव १९७७ मध्ये परत आलं, पण आपल्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी अजून अल्सेशियनच आहे. त्यामुळे ‘हा अल्सेशियन, म्हणून महाग’ असं कोणी विक्रेता सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. मात्र ‘अमेरिकन अल्सेशियन’ नावाची अलीकडे तयार केलेली जात खरोखरच वेगळी आहे, तिची यात गल्लत नको.