वाचक विचारतात: अमेरिकेला दोन तासांत कधी जाता येईल?

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीला असते, नातू चार वर्षांचा आहे. माझं वय ६८, गुडघे दुखतात, मुंबई-नेवार्क १५-१६ तास बसायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. जावई म्हणतात, दोन तासांत पोचवणारी विमानं येतायत, तोवर थांबा. थांबू का? – एक आजी, डोंबिवली

काकू, थांबू नका, हे पहिलं सांगून टाकतो. जावई चुकीचं बोलतायत असं नाही, पण ते जे म्हणतायत त्यातलं थोडंफार एकदा होऊन गेलंय. कॉनकॉर्ड नावाचं विमान १९७६ ते २००३ रीतसर प्रवासी नेत होतं, लंडन-न्यूयॉर्क साडेतीन तास, म्हणजे लंडनहून सकाळी साडेदहाला निघालं तर पोचेपर्यंत न्यूयॉर्कच्या घड्याळात साडेनऊपण झालेले नसायचे. ताशी २१०० किमीच्या वर स्पीड, त्यानं विमान एवढं तापायचं की उडता उडता चक्क १५-२० सेंमी लांब व्हायचं आणि कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनीयरच्या पॅनेलशेजारी एक फट पडायची. शेवटच्या फ्लाइट्सच्या वेळी काही इंजिनीयरांनी त्या फटीत आपली टोपी सरकवली, खाली आल्यावर विमान गार झालं, फट मिटली आणि टोपी तिथंच राहिली. त्या माणसांचा केवढा जीव असेल त्या विमानावर!

मग बंद का पडलं? २००० साली पॅरिसजवळ अपघात होऊन ११३ माणसं गेली हे खरं, पण दुखणं त्याच्या खूप आधीचं होतं. सीट जेमतेम शंभर, इंधन बेसुमार, त्यामुळं तिकीट तुमच्याआमच्या आवाक्याबाहेर. त्यात आवाजापेक्षा फास्ट गेलं की खाली जमिनीवर तोफ उडाल्यासारखा धडाका ऐकू येतो, म्हणून तो स्पीड फक्त समुद्रावर. एअर इंडियानंसुद्धा दोन कॉनकॉर्डसाठी नाव नोंदवलं होतं, पण ती कधी आलीच नाहीत. आता तुमचा रूट बघा, साडेबारा हजार किमी, त्यातला बराचसा जमिनीवरून, आणि कॉनकॉर्ड एका टाकीत सात हजारांच्या आसपासच जायचं.

धडाक्यावर काम चालू आहे. नासाचं एक्स-५९ ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा उडालं, त्याचा आवाज खाली गाडीचं दार लावल्याएवढाच यावा अशी रचना आहे, पण ते प्रयोगाचं विमान, त्यात बसतो एकटा पायलट. रॉकेटनं पृथ्वीवर कुठंही तासाभरात, हे स्पेसएक्सनं २०१७ मध्ये जाहीर केलं, पण आजवर एकही प्रवासी तसा गेलेला नाही आणि ६८ व्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यांनी रॉकेटचा दाब सोसा असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

आणि मला मनापासून वाटतं की जगाचा प्रवास स्पीडपेक्षा तिकिटानं आणि व्हिसानं जास्त बदलतो. विमान दोन तासांचं झालं तरी व्हिसाच्या अपॉइंटमेंटची वाट बघायला लागतेच ना! तुम्ही तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, सीट कडेची घ्या म्हणजे तासातासानं उठून चालता येईल, लांबच्या प्रवासात घालायच्या घट्ट मोज्यांचं डॉक्टरांना विचारा आणि जा. नातू चार वर्षांचा एकदाच असतो.

प्रश्न: पुणे-मुंबई हायपरलूपचं काय झालं? – एक विद्यार्थी, पिंपरी

हायपरलूप म्हणजे जवळजवळ हवा काढून घेतलेल्या नळीतून डबे पळवायचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका अमेरिकी कंपनीशी त्याचा करार झाला, २५ मिनिटांत मुंबई असं सांगितलं गेलं, आपण सगळेच हरखलो होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात त्या कंपनीनं माणसं बसवून चाचणी केली, त्यात पुण्याचा एक इंजिनीयरपण बसला होता, स्पीड ताशी १७२ किमी, कारण ट्रॅकच ५०० मीटरचा. २०२३ च्या शेवटी ती कंपनी बंद पडली. खरा फास्ट प्रवास बघायचा तर जपानकडे बघ, तिथं मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर अधांतरी धावणारी ट्रेन, २०१५ मध्येच ताशी ६०३ किमीला पोचली, पण टोकियो-नागोया लाइन अजून बोगदे खणण्यातच अडकलीय.