बाटलीवरच्या करडाला हगवण लागलीय, दूध बंद करू का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आमच्या उस्मानाबादी शेळीला यावेळी तीन करडं झाली. दोन आईला पितात, तिसरं बारीक होतं आणि ती त्याला जवळच येऊ देईना म्हणून मी बाटलीवर घेतलंय. आता पंधरा दिवसांचं आहे, वजन तीन किलो भरलं. घरच्या म्हशीचं दूध सकाळी अर्धा लिटर, संध्याकाळी अर्धा लिटर पाजते, सगळं संपवतं आणि तरी ओरडतं. कालपासून पिवळी पातळ हगवण चालू झालीय, शेपटी सगळी भरलीय, पण बाटली दिसली की पळत येतंय. शेजारच्या मामी म्हणतात दूध बंद कर आणि डाळिंबाच्या सालीचा काढा पाज, मेडिकलवाला म्हणतोय माणसाची जुलाबाची गोळी अर्धी दे. काय करू? आणि बाकीच्या दोघांना पण लागेल का?
– एक वाचक, ता. आटपाडी, जि. सांगली

उत्तर: ताई, पळत येतंय हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण हगवण लागलेलं करडू जोवर उभं राहतंय आणि चोखतंय तोवर घरी सांभाळता येतं. हगवणीत करडू जातं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळं, म्हणून हगवण थांबवायच्या मागं आधी लागू नका, पाणी भरून काढा. अर्धी गोळी अजिबात नको, ती आतड्याची हालचाल थांबवते आणि जी घाण बाहेर पडायला पाहिजे ती आतच राहते. मामींचा काढा प्रेमापोटी सांगितलेला आहे, पण त्यानं पाणी भरून निघत नाही आणि एवढ्याशा पोटाला तो सोसेल याची खात्री नाही.

आता एक काम करा, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक, घडी तशीच राहिली तर पाणी बरंच कमी झालंय. तोंडात बोट घालून बघा, आत ऊब पाहिजे, गार लागलं तर काळजीचं आहे. साधा डिजिटल थर्मामीटर तेल लावून गुदद्वारात धरा, निरोगी करडाच्या अंगाचं तापमान 102 ते 104 फॅरेनहाइटच्या मधे असतं. 100 च्या खाली असेल तर दूध पाजूच नका, आधी गोणपाटात गुंडाळून गरम पाण्याची बाटली फडक्यात बांधून शेजारी ठेवा, अंग गरम झाल्यावरच पाजायचं, गार पडलेल्या करडाला दूध पचत नाही.

मेडिकलमधून डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याचं ओआरएसचं पाकीट आणा, एक लिटरचं, खोक्यातलं गोड तयार सरबत नको. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट टाका, अर्धं अर्धं करू नका. रात्रीची वेळ असेल आणि पाकीट मिळत नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पुढच्या एका वेळचं दूध टाळून त्याऐवजी हेच पाजा आणि नंतर दर तीन-चार तासांनी शंभर मिलीच्या आसपास देत राहा, दुधात मात्र मिसळू नका, दोन्हीत दोन तासांचं अंतर ठेवा. दूध पूर्ण बंद करून दिवस-दोन दिवस उपाशी ठेवणं तर नकोच, अशक्तपणानं पडेल ते.

आणि ताई, मला वाटतं मूळ दुधातच आहे. तीन किलोच्या करडाला दिवसाला वजनाच्या 15 ते 20 टक्के दूध लागतं, म्हणजे साडेचारशे ते सहाशे मिली, तुम्ही देताय एक लिटर, तेही दोनच वेळेला आणि म्हशीचं, ज्यात शेळीच्या दुधापेक्षा फॅट बरंच जास्त. एवढं एकदम पोटात गेलं की न पचलेलं खाली उतरतं. ओरडतंय म्हणून पाजलंत, माया आहे ती, पण बाटलीवरचं करडू पोट भरलं तरी ओरडतं. आता चार वेळा करा, सुरुवातीला 100-100 मिली, लेंडी घट्ट व्हायला लागली की हळूहळू 130-150 पर्यंत न्या. गाईचं दूध मिळालं तर म्हशीच्या दुधात मिसळत मिसळत तीन-चार दिवसांत बदला. उकळून अंगाइतपत कोमट करून द्या.

बाटली उलटी धरा आणि बघा, निप्पलमधून थेंब थेंब यायला पाहिजे. धार लागत असेल तर भोक मोठं झालंय, करडाला चोखावं लागत नाही, दूध घशात ओतलं जातं आणि फुप्फुसात जायचीही भीती. पाजताना करडू उभं, मान आईला पिताना असते तेवढीच वर. निप्पल उलटं करून आतून वास घ्या, आंबट आला तर तिथंच जंतू वाढतायत, प्रत्येक वेळी गरम पाणी आणि साबणानं धुवून पालथं वाळवा.

हे करून एका दिवसात फरक दिसला नाही किंवा चोखायचं सोडलं, मान टाकली, पोट फुगलं, शेणात रक्त दिसलं तर थांबू नका, 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा नाहीतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, जाताना ताजा नमुना स्वच्छ पिशवीत घ्या. अँटिबायोटिक लागेल की नाही ते डॉक्टरला ठरवू द्या, प्रत्येक हगवणीला ते लागत नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर रक्ती हगवण दिसली तर बहुतेक कॉक्सीडिया म्हणजे आतड्यातला सूक्ष्म परजीवी असतो, त्याचं औषध वेगळं.

बाकीच्या दोघांचं म्हणाल तर, दुधामुळंच असेल तर त्यांना लागणार नाही, पण जंतू असतील तर लागू शकतं, आणि ते बाहेरून कळत नाही. म्हणून याला आठवडाभर वेगळं कोरड्या जागेत ठेवा, खालचं ओलं रोज काढून चुना भुरभुरा, आधी त्या दोघांकडचं काम उरका आणि मग याच्याकडे या, हात साबणानं धुवा. घरात लहान पोरं असतील तर त्यांना सध्या याला उचलून घेऊ देऊ नका, यातले काही जंतू माणसालाही लागतात. शेपटीखालची घाण कोमट पाण्यानं पुसून कोरडी करा आणि थोडं खोबरेल लावा, तिथं माशा बसून अळ्या पडतात. शेळीला पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (जंतूंच्या विषामुळं होणाऱ्या आतड्याच्या रोगाची) लस झाली होती का तेही डॉक्टरांना सांगा.