अमरावतीला राहणाऱ्या ७२ वर्षांच्या वडिलांना फिटनेस बँड घेऊन दिला तर ते जास्त चालतील का? कोणता घ्यावा?

चालतील, निदान नव्याचे नऊ दिवस. पण "मी पुण्यात असतो, त्यांची पावलं मला रोज ॲपवर दिसतील" असं लिहिलंय ना तुम्ही, तिथं माझं डोकं सणकलं.

माझा धाकटा दीर बंगळुरूला असतो. सासूबाई आमच्याकडे, नागपूरला. गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात. दिरानं बँड पाठवला, ॲप मात्र स्वतःच्या फोनवर. मग रोज ऐन जेवायच्या वेळी फोन. "आई, आज नऊशेच?" लगेच मला, "वहिनी, तिला जरा बाहेर काढत जा." आणि सासूबाई सकाळीच माझ्याबरोबर अख्खा भाजीबाजार फिरून आलेल्या असायच्या!

त्यात मे महिना. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, रात्री दहालाही गच्चीचा स्लॅब पायाला चटके देतो. आकडा भरायचा म्हणून ह्या तिथं येरझाऱ्या घालायच्या. गुडघा सुजला तेव्हा मला कळलं.

मग एकदा मी त्यांना हॉलमध्ये चालवलं आणि पावलं स्वतः मोजली. बँडनं निम्मीसुद्धा धरली नाहीत. कशी धरणार? मनगटावरचा बँड हाताच्या हेलकाव्यावरून पावलं ओळखतो. ह्यांच्या एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी नाहीतर पदर. चालही हळू. बँड बांगड्यांच्या वर चढवलेला, घामानं तिथं पुरळ आलेलं. तोच काढून घोट्याशी, मोज्यात खोचला तर आकडा जवळपास बरोबर यायला लागला. व्हिडिओ काढून दिराला पाठवला. उत्तरात नुसता अंगठा.

रोज दहा हजार पावलं चालावं म्हणतात ना, त्या दहा हजारांचंही सांगते. तो आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या बायकांचा अभ्यास झाला. त्यात दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फरक दिसेनासा झाला. तेव्हा वडील आज जेवढं चालतात त्यात थोडी भर पडली तरी पुष्कळ. शिवाय खुर्चीतून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, ह्यानं म्हातारपणी पडायचा धोका कमी होतो. बँडला ते पाऊल वाटत नाही.

सासूबाई आता ऊन उतरलं की बगीच्यात जातात. तिथं दोघी मैत्रिणी वाट बघत असतात, म्हणून जातात. बँड कधी असतो, कधी चार्जिंगला.

कोणता घ्यावा? आकडे मोठे दिसणारा, चार्जिंग आठवडाभर टिकणारा. ॲप वडिलांच्याच फोनवर टाका. पावलं त्यांनी हौसेनं सांगितली तर ऐका, तुम्ही विचारू नका. त्यापेक्षा अमरावतीला त्यांच्यासोबत फिरायला कोण आहे ते बघा. तिथं भाऊ-वहिनी असतील तर बँडवरून त्यांची हजेरी घेऊ नका.

आणि हो, बीपीची बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी मुळातच कमी राहते. मग नाडी बघून "आणखी जोरात चाला" म्हणणाऱ्या बँडचं ऐकायचं नाही. चालताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर आधी डॉक्टर, बँडचं नंतर बघू.