बागेतले प्रश्न : वाफ्याच्या कडेला हार्डी जिरेनियम

प्रश्न : इंग्लंडला मुलीकडे गेलो असता तेथील बागांत गुलाबांच्या पायथ्याशी पसरलेली, निळ्या-जांभळ्या फुलांची हार्डी जिरेनियम पाहिली. सहकारनगरमधील आमच्या बंगल्याच्या फाटकापासून पायरीपर्यंत लांबट वाफा असून तेथे दुपारपर्यंत ऊन असते. त्यासाठी कोणता प्रकार निवडावा? रोपवाटिकांत मिळणारे जिरेनियम तेच का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्याच्या वाफ्यात हार्डी जिरेनियम लावू नयेत, असे मी स्पष्टच सांगेन. ही झाडे चिवट खरी, पण त्यांची चिवटाई थंडीपुरती आहे. हिवाळ्यात पाने झडून मुळे जमिनीखाली विश्रांती घेतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. हा विसावा आपल्याकडे त्यांना मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांतील चाळीस अंशांच्या आसपासचे ऊन सोसून एखादे रोप जगलेच, तर पावसाळ्यात चिकट काळ्या मातीत त्याची मुळे कुजतात. तुम्ही पाहिलेले झाड बहुधा 'रोझॅन' हे संकरित वाण असावे. त्याच्या संकरातील दोन्ही मूळ जाती हिमालयातल्या आहेत, त्यामुळे ते आपल्याकडे सहज रुजेल असे अनेकांना वाटते. परंतु हिमालयातील थंड उतार आणि पुणे यांच्या हवामानात फार अंतर आहे.

रोपवाटिकांतील जिरेनियम वस्तुतः दक्षिण आफ्रिकेतून आलेले पेलार्गोनियम असते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1753 मध्ये दोन्ही एकाच प्रजातीत घातली होती. 1789 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरित्ये यांनी ती वेगळी केली, पण बाजारात जुनेच नाव टिकले. फूल निरखले की फरक कळतो : खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात, तर पेलार्गोनियमच्या वरच्या दोन बहुधा खालच्या तिघींहून निराळ्या दिसतात. पेलार्गोनियम पुण्यात ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत कुंडीत सुरेख फुलते. पावसाळ्यात मात्र कुंडी छपराखाली ठेवावी आणि माती वरून सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, तेथे हिवाळी फुलझाडे नीट न्याहाळून मगच खरेदी करावी.

वाफ्यासाठी मी निळ्या फुलांचा इव्हॉल्व्ह्युलस सुचवेन. विष्णुक्रांतेच्या प्रजातीतील हे झाड बुटके राहून पसरते आणि गुलाबांच्या उघड्या बुंध्यांना छान झाकते. त्याची फुले उन्हे कलताच मिटतात, परंतु तुमच्या वाफ्यावर ऊन दुपारपर्यंतच असल्याने ते फारसे जाणवणार नाही. फाटकाजवळ सावली अधिक असल्यास तेथे रुएलिया या फुलझाडाचा बुटका प्रकार लावावा. जांभळी पसरणारी लँटाना दिसायला मोहक असली, तरी ती घाणेरीच्याच प्रजातीतली असल्याने विषारी ठरू शकते; घरात कुत्रे किंवा लहान मुले असल्यास ती टाळावी.

लागवड जूनमध्ये पहिले चांगले पाऊस झाल्यावर करावी. त्याआधी मातीत शेणखत व जाड वाळू मिसळून वाफा अर्धा फूट उंच करावा, कारण आपल्या मातीत पाणी साचणे हाच मुख्य धोका असतो. दोन रोपांत सुमारे एक फूट अंतर ठेवावे आणि पावसाळा संपताच लांबलेल्या फांद्या निम्म्यावर छाटाव्यात, म्हणजे हिवाळ्यात नवे फुटवे दाट येतात.